दाराच्या भिंगावर नेम

गेल्या वर्षी गणपती उठून आठवडा झाला असेल. संध्याकाळचे पाच वाजले होते. बाहेर काहीतरी खुट्ट झालं म्हणून मी दारातल्या भिंगाला डोळा लावला, तर पॅसेजच्या दुसऱ्या टोकावरून माझ्यावर बंदूक रोखलेली. बंदुकीमागे दोन वेण्यांची एक पोरगी, शाळेच्या निळ्या स्कर्टात, गाल लाकडाला टेकवून उभी. दुसरं कोणी असतं तर घाबरून मागे झालं असतं. मी चिकटून राहिले, कारण मला आधी तिचं नाव आठवायचं होतं. सोसायटीची सेक्रेटरी आहे मी. तक्रार कोणाविरुद्ध करायची ते ठाऊक नको?

नाव आठवलं. कल्पिता गमरे, खोली नंबर चारशे चार. दौलत आणि सोनल यांची एकुलती एक मुलगी, इयत्ता नववी. मग मी दार उघडलं आणि सत्तावीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात कमावलेल्या आवाजात विचारलं, "हे काय चाललंय?"

"काकू, खोटी आहे ही," ती म्हणाली. बंदूक खाली केली, पण स्वतः जागची हलली नाही. "नेम धरायची प्रॅक्टिस."

"माझ्या दारावर?"

"तुमच्या भिंगावर. गोल आहे, बारीक आहे आणि बरोबर हाइटला आहे. आमच्या उंबऱ्यापासून दहा मीटर. पप्पांनी टेप लावून मोजलं."

मला न विचारता माझं दार मोजलं, याचा मला बंदुकीपेक्षा जास्त राग आला. तासाभरात मी खाली बोर्डावर नोटीस लावली: 'पॅसेजमध्ये कोणीही बंदूक (खरी वा खोटी) रोखू नये. आदेशावरून, हेमा पाटणकर, सेक्रेटरी.' मानपाडा रोडवरच्या आमच्या इमारतीत नोटिसा कोणी वाचत नाही. उद्या पाणी येणार नाही, एवढी एक वाचतात. ही मात्र सगळ्यांनी वाचली, आणि दोघांनी तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकला, खाली हसरे चेहरे लावून.

दुसऱ्या दिवशी दौलत मुलीला आणि बंदुकीला घेऊन माझ्याकडे आला. एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तो लेथवर काम करतो. बंदूक त्यानेच बनवलेली. पॅकिंगच्या फळ्या कापून, आत लोखंडी सळई घालून वजन खऱ्या रायफलीइतकं केलेलं, साडेचार किलो. मागे एक वॉशर, नळीच्या टोकाला दुसरा लहान वॉशर. या वॉशरमधून तो वॉशर आणि त्या वॉशरमधून माझं भिंग दिसलं की नेम बरोबर. चापाच्या जागी डॉटपेनचं बटण बसवलेलं. दाबलं की टक.

"खरी रायफल ठाण्याला असते मॅडम, नौपाड्यात," दौलत म्हणाला. "व्यायामशाळेच्या वर रेंज आहे, तिथे सरांच्या कपाटात कुलूपबंद. आठवड्यात तीन दिवस हात लावायला मिळतो. बाकीचे दिवस काय करायचं? घरात दहा मीटर सरळ रेषा कुठून आणू? आमचं घर भिंतीपासून भिंतीपर्यंत साडेसहा मीटर."

मग त्याने खिशातून तिचं एक जुनं कागदी टार्गेट काढून दाखवलं. मधला दहा गुणांचा ठिपका टाचणीच्या टोकाएवढा होता. दहा मीटरवरून, उभ्याने, कशालाही न टेकता त्याच्यावर छर्रा मारायचा. मला तर तो ठिपका हातात धरूनही दिसेना. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता, पण ते मी दौलतला कशाला सांगू?

मी परवानगी दिली, अटींवर. वेळ पाच ते साडेपाच. लिफ्टमधून कोणी बाहेर आलं की बंदूक खाली. चपला मध्ये नकोत. आणि कोणी विचारलेलं नसताना वर हेही सांगितलं, "मी काही तुझ्याकडे बघत बसणार नाही."

कल्पिताने मान डोलावली. चेहऱ्यावरची रेषाही हलली नाही. मला वाटलं, बावळट आहे.

मी बघायला लागले त्याचं कारण शुद्ध प्रशासकीय होतं. अटी पाळल्या जातात की नाही हे कोणीतरी तपासायला हवं. पहिल्या दिवशी पाच मिनिटं तपासलं. चौथ्या दिवशी वीस मिनिटं झाली. पुढच्या आठवड्यापासून मी पावणेपाचला चहा पिऊन, कप विसळून, दारामागे पायपुसणं दुहेरी घालून तयार राहायला लागले, कारण नुसत्या लादीवर उभं राहिलं की माझ्या टाचा दुखतात, हे अख्ख्या मजल्याला ठाऊक आहे.

आणि ती उभी राहायची कशी! कडेवर मूल घेतलेल्या बाईसारखी कंबर एका बाजूला काढायची, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवायची, त्यावर बंदूक, आणि मग सगळं थांबायचं. एकदा तिच्या कानाच्या पाळीवर डास बसला, पोटभर प्याला आणि उडून गेला. सोसायटीची सफाईवाली शकू लादी पुसायला आली तेव्हा ती कुंडीच्या बाजूने पुसते तशी कल्पिताच्या पावलांच्या बाजूने पुसून पुढे गेली. शाळेत म्हणे प्रार्थनेला ही इतकी निश्चल उभी राहायची की बाईंनी दोनदा ती झोपलीय समजून हलवली होती. ग्रंथालयात अशी मुलं मिळावीत म्हणून मी सत्तावीस वर्षं मुलांवर डाफरले. आणि आता मिळाली ती हातात बंदूक घेतलेली.

बंदूक खाली ठेवली की मात्र तिच्या तोंडाचा पट्टा सुटायचा. गणिताच्या सरांनी काय केलं, कोणाचं कोणाशी वाजलं, पाणीपुरीवाल्याने पुदिना कमी कसा केला. मी एकदा चहा विचारला तर म्हणाली, "नको काकू, चहा घेतला की नाडी उडते. नाडी उडली की बंदूक उडते." आमच्या घरच्या चहाला आजवर कोणी असं बोललं नव्हतं. मी दोन दिवस तिच्याशी बोलले नाही, म्हणजे दारातून. बघायची थांबले नव्हते.

जिन्यात भेटली की ती विचारायची, "काकू, काल प्रॅक्टिस कशी झाली माझी?"

"मला काय माहीत? मी बघते का?"

"नाही ना, असंच विचारलं," म्हणायची आणि दोन-दोन पायऱ्या गाळत पळायची.

दिवाळीच्या तोंडावर तिने मला सगळं प्रकरण समजावून सांगितलं. तिच्या रेंजवर मुलांसाठी चांगली रायफल एकच. डिसेंबरात शाळांची विभागीय स्पर्धा. चाळीस गोळ्या, प्रत्येकीला दहा, एकूण चारशे. तीनशे शहात्तर झाले तर राज्य स्पर्धेला जायचं आणि रायफल पुढचं वर्षभर तिच्याकडे. नाही झाले तर रायफल रांगेतल्या सुमितला. पुन्हा रांगेत उभं राहायला तिला वेळ नव्हता, कारण पुढचं वर्ष दहावीचं. सोनलने मुलीला स्पष्ट सांगून टाकलं होतं, "राज्याला गेलीस तर मी मध्ये येणार नाही. नाही गेलीस तर क्लास, आणि ते लाकूड माळ्यावर."

"किती होतात आता?" मी विचारलं.

"तीनशे चौऱ्याहत्तर, पंचाहत्तर. परवा सत्त्याहत्तर झाले." बोलताना तिचा आवाज पहिल्यांदाच जरा हलला. "होतील ना, काकू?"

"मला बंदुकीतलं काय कळतंय," मी म्हणाले. घरात येऊन मात्र देवापुढे सुपारी ठेवली.

दिवाळीनंतर माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यांचा दवाखाना नौपाड्यात आणि माझी धाकटी बहीणही तिथेच, म्हणून तीन आठवडे तिच्याकडे राहिले. इकडचं घर बंद. हॉलचे पडदे तेवढे उघडे ठेवले होते, तुळशीला ऊन मिळावं म्हणून.

दुसऱ्या दिवसापासून कल्पिताचे मेसेज सुरू झाले. 'काकू डोळा कसा आहे?' 'काकू डॉक्टर काय बोलले?' 'काकू घरी कधी?' रोज, न चुकता, कधी दोनदा. माझा मुलगा बंगळुरूहून रविवारच्या रविवारी फोन करतो, आणि ही शेजारची पोर रोज विचारते! मी बहिणीला मेसेज वाचून दाखवायचे, एकदा ऐकले असले तरी पुन्हा. बहीण म्हणायची, "हो गं बाई, लळा लागलाय तिला तुझा." मी म्हणायचे, "छे, आमचं तर बोलणंही फारसं नसतं."

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी बहिणीकडे बेल वाजली. दारात कल्पिता, आणि तिच्यामागे रुंद खांद्यांचे, पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ. हे तिचे सीताराम सर. कल्याणजवळच्या गावातले भोईर, पोलिसांच्या शस्त्रागारातून निवृत्त झालेले. रेंज दोनच गल्ल्या पलीकडे होती. तिथून दोघं तडक चालत आले होते.

"तुमी हेमाबाय ना?" सरांनी खुर्चीच्या कडेवर बसत विचारलं. "या पोरीचा काय इलाज करायचा तो तुमीच सांगा. नेम बरोब्बर धरते, पन चाप दाबत नाय. थांबते. कोनाची तरी वाट बघते. आठ-दहा सेकंदांत गोळी सुटायला पायजे, ही पंचवीस सेकंद धरून ऱ्हाते. हात लटलटायला लागला का मग मारते, आनि जाते सातात. काल तीनशे बासष्ट झाले. इचारलं का बोलत नाय. आज बोलली, हेमाकाकूंचा डोळा बरा होऊ दे."

मी कल्पिताकडे पाहिलं. ती पायाच्या अंगठ्याकडे बघत होती.

"काकू, तुमचा हॉल वेस्टला आहे ना," ती म्हणाली. "पाच वाजता सगळा उजेड आत येतो. तेव्हा तुमचं भिंग बाहेरून चमकतं. आणि तुम्ही डोळा लावला की काळं होतं. काळं झालं की मी टक करायचे."

बहीण चहाचा ट्रे घेऊन आली होती, ती तशीच दारात उभी राहिली.

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून. तुम्ही मधेच बाजूला व्हायचात ना, टाचा दुखतात म्हणून, तेव्हा मी पण थांबायचे. परत काळं झालं की परत. आता तुम्ही नाही तर ते चमकतच राहतं. मग मी धरूनच ठेवते. आणि आता रेंजवर पण तसंच होतं."

"अगं, पण रेंजवरचा ठिपका काळाच असतो ना?"

"डोक्याला कळतं काकू. बोटाला नाही कळत."

"म्हणजे तू रोज दारामागे उभी राहून बघतेस?" बहिणीने ट्रे न ठेवताच विचारलं.

मी म्हणाले की मी अटी तपासत होते. बहिणीने विचारलं, दीड महिना? सर मिशीवरून हात फिरवत खिडकीबाहेर बघू लागले.

मला लाज वाटली. 'मी बघते का?' असं जिन्यात ठसक्यात किती वेळा म्हणाले होते, आणि ही मुलगी दर वेळी तो ठसका निमूटपणे ऐकून घेऊन पळाली होती. रागही आला. पण खरं सांगायचं तर मला फार, फार बरं वाटलं. हे जाऊन सहा वर्षं झाली. मी घरात आहे की नाही हे बाहेरच्या कोणाला कळतं, आणि त्याने कोणाचं काही अडतं, असं मला सहा वर्षांत वाटलं नव्हतं. मी उठून आत गेले आणि डोळ्यात औषध घालायची वेळ नसतानाही थेंब घातले.

बाहेर आले तेव्हा बहीण उपाय सांगत होती. "भिंगावर एक काळी टिकली चिकटवा ना! कायमचं काळं."

"ते मागाहून," सर म्हणाले. "स्पर्धेला आठच दिस ऱ्हायले. आता बोटाला नवीन शिकवत बसायला येळ नाय. बाय, तुमी स्पर्धेला या."

"मी येऊन काय करू?"

"बघा," सर म्हणाले. "तेच तर करता तुमी."

स्पर्धा ठाण्यातच एका शाळेच्या रेंजवर होती. दौलतला पाळी बदलून मिळाली नाही, म्हणून सोनल आणि मी गेलो. कल्पिताने नेमबाजीचा कोट घातलेला मी पहिल्यांदाच पाहिला. कॅनव्हासचा, पुठ्ठ्यासारखा कडक, पाठीवर आधीच्या कुठल्या तरी मुलाचं नाव अर्धवट खरवडलेलं. तो घातला की वाकता येत नाही, म्हणून सोनलने खाली बसून तिच्या बुटांच्या नाड्या बांधल्या. त्या सपाट तळांच्या बुटांत ती बदकासारखी डुलत आपल्या जागेवर गेली. मला हसू आलं.

नेमबाजांच्या मागे बघणाऱ्यांच्या खुर्च्या होत्या. सोनल माझ्या उजवीकडे बसली आणि तिने ओढणीचं टोक तोंडात धरून डोळे मिटून घेतले. "काकू, तुम्हीच बघा," ती म्हणाली. "मला फक्त आकडे सांगा." माझ्या डोळ्यांवर दवाखान्यातून मिळालेला काळा चष्मा होता, मोठ्या गोल काचांचा. पण नवा डोळा असा लखलखीत झाला होता की तिच्या शेजारच्या छोट्या पडद्यावरचे आकडे मला मागून सहज वाचता येत होते.

वाचून आनंद व्हावा असे ते नव्हते. नऊ. आठ. नऊ. आठ. ती बंदूक उचलायची आणि धरून ठेवायची, धरून ठेवायची. मी खुर्चीत बसून मनात ओरडत होते, अगं दाब, दाब आता. पहिल्या दहा गोळ्यांत अठ्ठ्याऐंशी झाले.

मग तिने बंदूक स्टँडवर टेकवली आणि मान वळवून मागे पाहिलं, सरळ माझ्याकडे. मी हाताने खूण केली, पुढे बघ! तिने पुढे पाहिलं, बंदूक उचलली, आणि आठ सेकंदांत गोळी सुटली. दहा.

पुन्हा तिने मान वळवली. पुन्हा दहा. चौथ्यांदा वळली तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. माझ्या तोंडावर दोन मोठी काळी वर्तुळं होती.

सरांना माझ्या आधीच कळलं होतं. ते माझ्या कानाशी वाकले. "बाय, हलू नका. चष्मा काढू नका. शिंक आली तरी गिळा."

पुढची चाळीस मिनिटं मी जशी बसले तशी देवळात कधी बसले नाही. ती वळून बघायची, मारायची, मी आकडा सोनलला सांगायचे. दहा, नऊ, दहा, दहा, नऊ. पण प्रत्येक गोळीमागे हे मागे वळणं आलं. बंदूक टेकवा, मान वळवा, पुन्हा उचला. एकूण वेळ पन्नास मिनिटांचा. बाकीच्या मुलींचं संपून त्या कोट काढून उभ्या होत्या, आणि हिच्या अजून सात गोळ्या उरलेल्या. सर घड्याळ बघत होते आणि रुमाल पिळत होते.

एकोणचाळीस गोळ्या झाल्या. पडद्यावर तीनशे सदुसष्ट. मी बोटांवर मोजलं, पुन्हा मोजलं. शेवटची गोळी नऊची हवी. नऊ म्हणजे राज्य स्पर्धा, आठ म्हणजे माळा. वेळ उरला होता चाळीस सेकंद.

आणि नेमकं तेव्हा माझ्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. औषधाचं म्हणा, नाहीतर कशाचंही म्हणा. काचा आतून धुरकट झाल्या, मला ना ती दिसेना ना पडदा. सरांनी बजावलेलं सगळं विसरून मी चष्मा ओढून काढला आणि पदराने डोळे पुसायला लागले. पदरात तोंड असतानाच रेंजवर आवाज झाला. टक.

मी वर बघेपर्यंत सरांनी माझ्या पाठीत असा धपाटा घातला की चष्मा हातातून उडून पुढच्या खुर्चीखाली गेला. सोनल डोळे मिटूनच विचारत होती, "किती? काकू, किती?" पडद्यावर दहा होते. एकूण तीनशे सत्त्याहत्तर.

कल्पिता डुलत डुलत बाहेर आली. कोटाच्या आत घामाने चिंब. आईच्या गळ्यात पडून झालं, सरांच्या पाया पडून झालं. मग माझ्यासमोर उभी राहून तिने विचारलं, "काकू, शेवटची बघितलीत ना?"

दीड महिना बघून मी 'बघत नाही' म्हणाले होते. आज बघितली नव्हती, आणि 'बघितली' म्हणायचं अगदी जिभेवर आलं होतं.

"नाही गं," मी म्हणाले. "डोळे पुसत होते. चष्माही काढलेला. सगळ्या बघितल्या, तेवढीच नाही."

मला वाटलं, तिचा चेहरा पडेल. तिने जरा विचार केला.

"मी पण मागे नाही बघितलं," ती म्हणाली. "टाइमच नव्हता. मी धरूनच चाललेले, की तुम्ही बघताय."

स्पर्धेवरून मी थेट माझ्या घरी परतले. दुसऱ्या दिवशी पावणेपाचला ती बेल वाजवून आत आली, हातात काळ्या टिकल्यांचं पाकीट. सरांनी सांगितलं होतं, आता ठिपका कायम काळा हवा. तिने अंगठ्याने दाबून एक टिकली बाहेरून भिंगावर चिकटवली आणि म्हणाली, "आता तुम्हाला उभं राहायला नको, काकू. टाचा दुखतात तुमच्या." बोर्डावरची ती जुनी नोटीस मी त्याच दिवशी खाली जाऊन काढली.

भिंगातून आता काही दिसत नाही. दूधवाला आला की कुरियरवाला, तेही दार उघडूनच बघावं लागतं. तरी पाच वाजता मी पायपुसणं दुहेरी घालून दारामागे जाऊन उभी राहते. पलीकडून टक ऐकू येतं, मग बराच वेळ काही नाही, मग पुन्हा टक. ती धरून चालते की मी इथे आहे. असतेच.